कापूस मधल्या खोलीत आणि पोराला धाप: वाचकांचे प्रश्न, डॉक्टर ताईंची उत्तरं

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही पारोळा तालुक्यात राहतो, धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर आहे. मुलगा 7 वर्षांचा, दोन वर्षांपासून त्याला दमा आहे. दिवाळी झाली की रोज रात्री दोन-तीन वाजता ढास लागते, छातीत सुंसुं वाजतं, बसूनच रात्र काढतो. डॉक्टरांनी पंप दिलाय आणि घरात धूळ-धूर नको म्हणाले, पण शेतकऱ्याच्या घरात धूळ नाही असं कसं होणार? भाव नाही म्हणून कापूस मधल्या खोलीत भरलाय, पोरं त्याच्यावरच खेळतात नि तिथंच झोपतात. सासूबाई अंघोळीचं पाणी चुलीवर तापवतात, काही बोललं की म्हणतात, "आमना जलम धुरमाच गया, आमले काय व्हयनं?" सगळं घर तर मी बदलू शकत नाही, सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा, पोरगं झोपतं कुठं ते तुम्ही स्वतःच लिहिलंय. सगळं घर बदलायचं नाहीच, आधी फक्त त्याची झोपायची जागा बदला, कारण लेकरू दिवसातले 8-10 तास तिथंच श्वास घेतं आणि दमा रात्री उशिरा, पहाटेच जास्त उठतो.

म्हणजे पहिलं काम कापसाचं. मी हे दरवर्षी बघते, वेचणी संपून कापूस घरात आला की दवाखान्यात खोकल्याची आणि अंगाला खाज सुटलेली पोरं यायला लागतात. 2022-23 ला भावाची वाट बघत आपल्याकडं घराघरात कापूस पडून होता, तेव्हा तर खाजेनं माणसं हैराण झालेली. त्या कापसात नुसता धागा नसतो हो, वाळलेल्या पाल्याचा चुरा, माती, बुरशी, बारीक जंतू सगळं असतं, पोरं उड्या मारतात तेव्हा तेच हवेत उडतं आणि सरळ छातीत जातं. जुन्या कापड गिरण्यांत कामगारांना याच धुळीनं छाती आवळायचा आजार व्हायचा, सुट्टीनंतर सोमवारी कामावर आले की त्रास जास्त. मग सात वर्षांच्या पोरानं त्याच्यावर झोपायचं म्हणजे काय. भाव नसताना कापूस विका असं मी म्हणणार नाही, ती अडचण मला कळते. पण पत्र्याचं शेड, पडवी, शेतातली खोली, जिथं जमेल तिथं हलवा, आणि नाहीच जमलं तर ताडपत्रीनं चारी बाजूंनी नीट झाका, खोलीचं दार बंद ठेवा आणि पोराचं अंथरूण घराच्या दुसऱ्या टोकाला टाका. कापूस भरताना-काढताना त्याला तेवढा वेळ शेजारी पाठवून द्या.

दुसरं काम अंथरुणाचं. गोधडी, उशी, कापसाची गादी यांत डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात, आपल्या अंगाचा कोंडा खाऊन जगतात, आणि त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेनं. उन्हानं ते मरतात आणि ऊन तर आपल्याकडं भरपूर, पण बाया गोधडी गच्चीवर वाळवतात, गुंडाळून आत आणतात आणि झालं समजतात. मेलेला किडा आणि त्याची घाण तिथंच असते ना! म्हणून त्याची चादर, उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा कढत पाण्यात धुवायचे, हात घालवणार नाही इतकं कढत, साधारण 60 डिग्री. जड गोधडी रोज धुणं होत नाही, तिला उन्हात टाका, पोरगं शाळेत असताना बाहेरच झटका आणि झोपताना वर धुतलेली सुती चादर घाला. धाब्यावरून माती गळत असेल तर त्याच्या अंथरुणाच्या वर जुनी साडी ताणून बांधा. खाली कोरडा झाडू मारण्याऐवजी ओलं फडकं फिरवा.

आता धूर. सासूबाईंना खोटं पाडू नका, त्यांनी खरंच धुरात जन्म काढलाय, पण किती आज्या पहाटे खोकत बसतात तेही त्यांना आठवायला सांगा. एवढंच मागा की पाण्याची चूल घराबाहेर न्यायची, वाऱ्यानं धूर आत येणार नाही अशा बाजूला, आणि पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटल्या की नातू जवळ नको. भरिताची वांगी भाजतानाही तेच, मिरचीचा ठसका उठेल अशी फोडणी असेल तेव्हाही तेच. नातवासाठी आजी ऐकते, सुनेसाठी कदाचित ऐकणार नाही, म्हणून हे तुमच्या मिस्टरांनी बोललेलं बरं.

आणि डासांची कॉईल. तुम्ही लिहिलं नाही पण बहुतेक लावत असाल. एक कॉईल जळताना जितके बारीक कण हवेत सोडते तितके 75 ते 137 सिगारेटींतून निघतात असं मोजून सिद्ध झालंय, आणि आपण ती बंद खोलीत लेकराच्या उशाशी लावतो. मच्छरदाणी लावा, आजच. देवाजवळची अगरबत्ती तो झोपतो त्या खोलीत नको, नुसतं निरांजन चालेल.

एवढं करूनही पंप बंद करायचा नाही, हे नीट लक्षात ठेवा. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसले, तर सुटकेचा (धाप लागल्यावर लगेच आराम देणारा) पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून, देत देत दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका.

प्रश्न: भुसावळहून लिहितोय. वय 61, दमा जुना आहे. मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, कूलरशिवाय जमत नाही, पण कूलर लावला की पहिल्याच आठवड्यात धाप वाढते. काय करावं?

उत्तर: काका, कूलर सोडायला मी सांगणार नाही, त्या उन्हात माणसानं करायचं काय. पण वर्षभर बंद पडलेला कूलर सुरू केला की जाळीतली सगळी धूळ तुमच्याच तोंडावर येते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला गवताच्या जाळ्या नव्या टाका, टाकी घासून धुवून घ्या, हे काम दुसऱ्या कुणाला तरी करू द्या, आणि पहिला अर्धा तास कूलर तोंड बाहेर करून नुसता चालवा. पाणी शिळं ठेवू नका, दोन-तीन दिवसांनी टाकी रिकामी करा. कुबट वास आला म्हणजे बुरशी धरली, तो वास घेत झोपायचं नाही. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूनं बसवा, समोरची एक खिडकी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा कोंडत नाही, आणि वारा सरळ छातीवर घेऊ नका.

प्रश्न: मुलीला रोजचा पंप सांगितलाय, पण शेजारच्या म्हणतात सवय लागते, स्टेरॉईड आहे. खरं का? (अमळनेर)

उत्तर: सवय लागत नाही. स्टेरॉईड आहे हे खरं, पण गोळी मिलीग्रॅममध्ये असते आणि पंपातला एक डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलीग्रॅमचा हजारावा भाग), म्हणजे गोळीपेक्षा खूपच कमी, तोही सरळ श्वासनळीत जातो. रोजचा पंप आतली सूज कमी करतो, म्हणून बरं वाटलं तरी मनानं बंद करू नका. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायला लावा, नाहीतर तोंडात पांढरा थर येतो. स्पेसर नसेल तर डॉक्टरांकडून मागून घ्या, नाहीतर लहान मुलांचं बरंचसं औषध तोंडात-घशातच राहतं. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा पंप बरोबर न्या, ती कसा घेते ते डॉक्टरांना समोर करून दाखवा.