लिलावातलं स्वस्त घर आणि कार्डावरचा जुना बोजा

तुमची जुळे सोलापूरच्या रो-हाऊसची पोस्ट वाचली आणि सविस्तर लिहायला बसलो. थकलेल्या कर्जापायी बँकेने काढलेला लिलाव, दोनदा कुणी बोली न लावल्यामुळे उतरलेली राखीव किंमत (म्हणजे बोलीची किमान रक्कम), आणि प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीच्या कागदावर, कुठल्याशा पतसंस्थेचा जुना बोजा, म्हणजे कर्जाची नोंद. तुम्ही चौकशी केली तर कार्डावर नाव लावणाऱ्या कार्यालयात सांगितलं, ‘बँकेचं विक्री प्रमाणपत्र आणा, नाव लागून जाईल.’ मलाही अगदी हेच सांगितलं होतं. त्या तोंडी शब्दावर एक रुपया लावू नका.

ई-लिलावाची नोंदणी, अनामत वगैरे तुम्हाला येतंय असं दिसतं, ते सोडतो.

माझं घर विजापूर रोडच्या बाजूचं. बँकेच्या जाहिरातीत ‘बँकेला ज्ञात बोजा : निरंक’ असं छापलेलं. आधीच्या मालकाने बँकेच्या कर्जाआधी एका पतसंस्थेकडून पैसे उचलले होते. ते फेडलेही होते, पण बोजा कमी करून घ्यायला कुणी गेलंच नाही. मधल्या काळात पतसंस्था अवसायनात निघाली, म्हणजे बंद करून तिचा हिशेब मिटवायला अवसायक नेमला गेला. मी पूर्ण रक्कम भरली, विक्री प्रमाणपत्र नोंदवलं, अर्ज घेऊन गेलो, तर तेच कार्यालय म्हणालं, ‘आधी पतसंस्थेचा नो ड्यूज दाखला आणा.’ पतसंस्थेच्या पत्त्यावर मोबाईलचं दुकान. अवसायकाकडे गेलो तर दप्तर गोण्यांत बांधून ठेवलेलं आणि शोधायला माणूस नाही.

कार्यालयाचं नाव लिहीत नाही, पण तिथली वागणूक लिहितो. अर्ज घ्यायचे, पोच द्यायची नाही. पुढच्या खेपेला टेबल बदललेलं, आणि नव्या टेबलावर तेच कागद परत मागायचे. साहेब दौऱ्यावर. नकार लेखी कधीच देत नाहीत, कारण लेखी नकार मिळाला की माणूस अपिलात जाऊ शकतो. वर्षभराहून जास्त काळ असा गेला. नाव नाही म्हणून घर विकता येईना, तारण ठेवता येईना, आणि माझ्या पैशांवरचं व्याज चालूच. स्वस्तात मिळाल्याचा जो फरक होता, तो बहुतेक त्या व्याजातच गेला. आजही आठवलं की संताप होतो, कारण अडलेलं काम एका कागदाचं होतं.

सुटलं ते असं. पहिलं, आवक शिक्क्याशिवाय एकही कागद द्यायचा नाही असं ठरवलं. मग माहिती अधिकारात, 10 रुपयांच्या अर्जावर, बोजा चढवला त्या फेरफाराच्या (कार्डावरच्या नोंदीतल्या बदलाच्या) मूळ फाईलची नक्कल मागितली. त्यात पतसंस्थेचं तेव्हाचं पत्र होतं आणि पत्रावर कर्जखात्याचा नंबर. तो नंबर घेऊन अवसायकाकडे गेलो, तर त्यांच्या माणसाने तासाभरात खतावणी काढली. पान पिवळं पडलेलं, कडा वाळवीने खाल्लेली, पण शेवटच्या ओळीत बाकी शून्य आणि ‘खाते बंद’चा जांभळा शिक्का स्पष्ट. त्यावरून दाखला मिळाला. मग सरकारी काम ठरल्या मुदतीत करायला लावणाऱ्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याचा उल्लेख करून अर्ज दिला, आणि फाईल हलली.

म्हणून तुम्ही हे सगळं अनामत भरायच्या आधी करा. फेरफार नंबर काढा, फाईलची नक्कल मागा. बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला ईमेल करून थेट विचारा की हा बोजा कोण उतरवणार. ‘जसे आहे जिथे आहे’ तत्त्वावर विक्री आहे एवढंच उत्तर आलं, तर ते काम तुमच्या गळ्यात पडणार हे धरून बोली लावा. उत्तरच आलं नाही, तर मी तरी ते घर सोडून देईन. वकील सांगतील की बँकेचा हक्क वरचढ आहे. ते बरोबर असेलही, पण नाव लावणारा कारकून तुमच्या वकिलाचं ऐकायला बांधलेला नाही.

बँकेचा ताबा सांकेतिक (फक्त कागदोपत्री) आहे की प्रत्यक्ष, हे जाहिरातीत बघा. सांकेतिक असेल तर आत माणसं राहत असणार, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडच्या ताब्याच्या अर्जाची फाईल कुठवर आलीय त्यावर तुमचं गणित. बँकेला तारण विकून कर्ज वसूल करू देणाऱ्या सरफेसी कायद्यात त्यासाठी मुदत दिलीय, पण प्रत्यक्षात ती पाळली जाईलच असं धरू नका. आणि 25 टक्के त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी, बाकीचे 15 दिवसांत भरायचे असतात. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, पण ‘लोन करून भरू’ म्हणत असाल तर ते आधी मंजूर करून ठेवा.

आणखी एक, हे फार जण विसरतात. रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दराच्या, किमतीपेक्षा बरंच खाली घेतलं, म्हणजे फरक 50,000 रुपयांच्या वर आणि व्यवहाराच्या रकमेच्या 10 टक्क्यांच्याही वर गेला, तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरून त्यावर आयकर लागू शकतो. सीएला आधी विचारा.

माझं स्पष्ट मत सांगायचं तर सोलापुरात खरी स्वस्त मालमत्ता लिलावात कमी आणि वारसांकडे जास्त सापडते. मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला स्थायिक, आईवडील गेले, घर बंद. त्यांना दोन पैसे कमी चालतात, व्यवहार एका खेपेत उरकायला हवा असतो. तिथे बहिणींसकट सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र, आणि पेपरात जाहीर नोटीस, एवढं सोडू नका. पूर्व भागातल्या बंद यंत्रमागाच्या शेड स्वस्त दिसतात, पण वीज आणि महापालिकेच्या कराची थकबाकी बघितल्याशिवाय भाव बोलू नका. नोटरीवरचा गुंठेवारी प्लॉट (परवानगीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून, नोंदणी न करता विकलेला) मी कितीही स्वस्त असला तरी घेत नाही. यावर इथल्या काहींचं मत वेगळं असेल, असू दे.

होटगी रोडला विमानतळामुळे भाव चढवून सांगतात. तिथे वर मजले चढवायचा विचार असेल तर उंचीच्या परवानगीचं आधी बघा. विमानांना अडथळा ठरते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आणि घर बघायला मे महिन्यात जा. नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते एजंटला नको, शेजारच्या बाईंना विचारा.

मी वकील नाही, हा माझा अनुभव आहे. सही करायच्या आधी कागद दिवाणीच्या चांगल्या वकिलाला दाखवाच.

तुमच्या कार्डावरचा बोजा कुठल्या सालचा आहे आणि ती पतसंस्था चालू आहे की अवसायनात, तेवढं कळवा. अवसायनात असेल तर अवसायक कोण ते उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे कळेल. माहिती अधिकाराच्या अर्जाचा माझा मसुदा आहे, हवा असेल तर पाठवतो.