शब्दशंका : एका पावाची तीन घराणी

प्रश्न : हिंदी फलकावर 'शिक्षा विभाग' वाचला की मुले हसतात. एकाच संस्कृत शब्दाचा अर्थ हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड कसा? मूळ अर्थ कोणाकडे टिकला?

उत्तर : हिंदीकडे. 'शक्' म्हणजे जमणे, समर्थ असणे. त्याचे इच्छार्थक रूप 'शिक्ष्' म्हणजे जमावे अशी इच्छा धरणे, आणि त्यावरून शिकणे. सहा वेदांगांतले 'शिक्षा' हे उच्चारशास्त्राचे वेदांग आहे. दंडाशी त्याचा संबंध नाही. मराठीनेही हा अर्थ टाकलेला नाही. 'शिकणे' हे क्रियापद याच धातूचे, प्राकृत 'सिक्ख'वाटे आलेले. शिकण्याचे काम 'शिकणे' आणि 'शिक्षण' या दोघांनी सांभाळले, तर 'शिक्षा' धडा शिकवण्याच्या वाटेने दंडापर्यंत गेली.

यात मराठी एकटी नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. कन्नड 'शिक्षे', तेलुगू आणि मल्याळम 'शिक्ष' यांचाही अर्थ दंडच; बंगाली 'शिक्षा' मात्र हिंदीसारखी. म्हणजे या शब्दापुरती मराठीची पंगत दक्षिणेकडे आहे. 'कादंबरी'चेही तेच. बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या कथेचे नाव मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत साहित्यप्रकाराचे नाव झाले. हिंदी-बंगालीत त्याला 'उपन्यास' म्हणतात, आणि हाच 'उपन्यास' कन्नड-तेलुगूत व्याख्यान होतो.

भाषांतर करणाऱ्यांनी 'यंत्रणा' हा शब्द विशेष जपावा. 'सरकारी यंत्रणा' हिंदीत तशीच उतरवली तर वाचणाऱ्याला यातना दिसतात. तिथे 'सरकारी तंत्र' लिहावे. हिंदीतल्या 'मुझे आपत्ति है' या वाक्यात संकट नसते, हरकत असते. बंगालीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, थट्टा नव्हे.

प्रश्न : पाव (ब्रेड) हा शब्द पाव किलोवरून आला, की पीठ पायाने तुडवत म्हणून?

उत्तर : दोन्ही नाही. पोर्तुगीज 'पांव' (लॅटिन 'पानिस') गोव्यातून आपल्याकडे आला आणि मराठीत त्याचा नाकातला उच्चार गळला. गोव्यात पाव भाजणाऱ्याला 'पोदेर' म्हणतात, तेही पोर्तुगीज 'पादेइरो'चेच रूप. पायाने तुडवण्याची गोष्ट शब्दाचा आवाज ऐकून मागाहून जुळवलेली आहे.

पाव किलोमधला 'पाव' संस्कृत 'पाद'चा. जनावराला चार पाय, म्हणून एक पाद म्हणजे चौथा हिस्सा. याचा पुरावा त्याच्या भाऊबंदांत सापडतो: 'सव्वा' म्हणजे सपाद, 'पाऊण' म्हणजे पाद-ऊन, एक पाद कमी. खाण्याच्या पावाला मराठीत असे जुने गोत नाही, आणि आलेला शब्द ओळखण्याची ही मोठी खूण आहे. तिसरा 'पाव' म्हणजे 'देवा, मला पाव' मधला. तो 'प्राप्' वरून झालेल्या 'पावणे'चा.

पोर्तुगीज 1543 मध्ये जपानला पोचले. त्यांच्याच शब्दावरून जपानीत ब्रेडला 'पान' म्हणतात. आपले झाडाचे पान 'पर्ण'वरून आलेले, त्यामुळे त्या दोन पानांचे काही नाते नाही. उलट जपानी पान आणि आपला खायचा पाव सख्खे, कानाला मात्र वेगळे.

प्रश्न : इंग्रजी 'डे' आणि 'दिवस' एकाच मुळाचे ना? अर्थही तोच आहे.

उत्तर : अर्थ आणि पहिले अक्षर जुळते म्हणूनच इथे फसायला होते. ध्वनी नियमाने बदलतात. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये जर्मॅनिक भाषांपुरते (इंग्रजी, जर्मन ज्या कुळातल्या आहेत त्या) हे बदल पद्धतशीर मांडले. संस्कृत 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' सापडतो: द्वि–टू, दश–टेन, दंत–टूथ. 'दिवस'चा सगोत्र इंग्रजीत असेल तर तो 'ट'ने सुरू व्हायला हवा, आणि तसा एक आहेही. 'ट्यूजडे'मधला 'ट्यू' हा 'तीव' नावाचा जुना देव; 'देव' आणि 'दिवस' यांच्याच मुळाचा. त्या शब्दातला 'डे' मात्र परका.

'बद' (बदनाम, बदमाश) आणि इंग्रजी 'बॅड' यांचेही असेच. फारसी 'बद' मध्य फारसीत 'वद' होता, म्हणजे मागे जावे तसा 'ब' नाहीसा होतो. अर्थ तोच, उच्चार जवळचा, नाते शून्य. याउलट 'चक्र' आणि 'व्हील' मुळीच सारखे दिसत नाहीत, तरी एकाच मुळाचे आहेत.

प्रश्न : घरी पडताळायचे कसे?

उत्तर : आधी शब्दाचे मिळेल तितके जुने रूप शोधावे, आजची रूपे समोरासमोर ठेवून काही कळत नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (1831, वाढवलेली आवृत्ती 1857) शब्दापुढे कंसात मूळ भाषेची खूण असते, तिथून सुरुवात करावी. संस्कृतची खूण दिसली तरी तेवढ्यावर थांबू नये: ती रूपाची हमी देते, अर्थाची नाही, आणि 'शिक्षा'सारखे शब्द तिथेच चकवतात. मग तोच ध्वनिबदल निदान तीन शब्दांत आढळतो का ते पाहावे. एका जोडीवर निष्कर्ष काढू नये. शब्द बाहेरून आलेला वाटला तर तो कोणी, कुठल्या बंदरातून किंवा कुठल्या दरबारातून आणला हे सांगता आले पाहिजे. वाट सापडत नसेल तर नाते धरू नये.