समुद्राच्या पाण्यावर एलईडी का पेटत नाही? आणि आणखी काही प्रश्न

प्रश्न : शाळा सुटल्यावरच्या वर्गात आम्ही समुद्राच्या पाण्याची बॅटरी करत होतो. एका ट्रेमध्ये पाणी भरून सहा खिळे आणि सहा तांब्याच्या तारा उभ्या केल्या, एकापुढे एक जोडल्या. पांढरा एलईडी पेटला नाही. मल्टिमीटर जेमतेम पाऊण व्होल्ट दाखवतो. मीठ वाढवावं का?
— विज्ञान शिक्षिका, मालवण

मीठ वाढवून काही होणार नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि या कामाला ते भरपूर झाले. घोटाळा ट्रेमुळे झाला आहे. सगळ्या जोड्या एकाच पाण्यात उभ्या असल्या की पाणीच त्यांना आतून एकमेकींशी जोडतं. मग सहा घट (सेल) करूनही विजेचा दाब (व्होल्टेज) एकाच घटाचा मिळतो. प्रत्येक जोडीला स्वतःचा प्लास्टिकचा कप द्या. पहिल्या कपातली तार दुसऱ्या कपातल्या खिळ्याला, दुसऱ्यातली तार तिसऱ्यातल्या खिळ्याला, अशी जोडणी करा. एकाच कपातली तार आणि खिळा मात्र एकमेकांना टेकता कामा नयेत. कपांची बुडं बाहेरून ओली असतील तर पुसा, कारण सांडलेल्या पाण्यातूनही वीज वाट काढते.

खिळे पत्र्याच्या छपराला वापरतात ते जस्ताचा मुलामा दिलेले हवेत. अशा खिळ्याने आणि तांब्याने एका कपातून ०.७ ते ०.८ व्होल्ट मिळतात. साध्या लोखंडी खिळ्याने याच्या निम्म्याच्या आसपास. तार पंख्याच्या वाइंडिंगची असेल तर तिच्यावर वार्निशचा लेप असतो. तो पॉलिश पेपरने पूर्ण घासल्याशिवाय तांबं पाण्याला लागतच नाही. दिसायला तार चकचकीत असते, त्यामुळे हा दोष मुलांच्या सहज लक्षात येत नाही. त्यापेक्षा घरच्या वायरिंगच्या तुकड्याचं आवरण सोलून तीसेक सेंटिमीटर तारेचं वेटोळं करा. पाण्याला लागणारं तांबं जितकं जास्त, तितका प्रवाह जास्त.

पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास दाब लागतो, लाल एलईडी १.८ च्या आसपास पेटतो. म्हणून सुरुवात लाल एलईडीने करा. हिशेबाने तीन कप पुरायला हवेत, पण एलईडी जोडला की घटांचा दाब उतरतो. पाच कप घ्या. लांब पाय शेवटच्या तांब्याला, आखूड पाय पहिल्या खिळ्याला. उजेड मंद पडेल, तेव्हा खिडक्या लावून घ्या.

थोड्या वेळाने एलईडी आणखी मंदावेल. तेव्हा मुलांना कपातलं पाणी काडीने ढवळायला सांगा. उजेड पुन्हा वाढतो, कारण तांब्यापाशी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपलेला असतो आणि ढवळल्यावर तो नव्याने तिथे पोचतो. आमच्या मते या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. तिच्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवा आणि कारण लगेच सांगून टाकू नका. दर मिनिटाला मल्टिमीटरचा आकडा लिहून घ्या, ढवळण्याआधी आणि नंतरही. एक ताकीद द्यायलाच हवी: ९ व्होल्टच्या बॅटरीला एलईडी थेट जोडू नका, तो लगेच जळतो.

प्रश्न : कोकमाच्या आगळात खाण्याचा सोडा घातला. फेस आला, पण रंग लालच राहिला. जास्वंद वापरावी का?
— ग्रंथपाल, कुडाळ

आगळ फार आंबट असतं. घातलेला सोडा त्या आम्लाशी झगडण्यातच संपतो. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. आम्ल संपेपर्यंत रंग हलत नाही. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा आगळ घाला आणि सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने सोडत थेंब मोजा. आगळातल्या मिठाने रंगाला बाधा येत नाही.

आम्ल आणि अल्कली ओळखायच्या कागदी पट्ट्या करायच्या असतील तर जास्वंदच बरी. पाच लाल फुलांच्या पाकळ्या २०० मिलिलिटर कढत पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा. पट्ट्यांसाठी फिल्टर पेपर घ्या आणि तो या पाण्यात बुडवून वाळवा. वहीच्या कागदात बहुधा खडूसारखी भुकटी भरलेली असते. ती स्वतःच अल्कधर्मी असल्याने लिंबाची परीक्षा घेण्याआधीच पट्टी निळसर-हिरवी पडते. लिंबाने पट्टी लालभडक होईल, राखेच्या निवळीने हिरवी. चुन्याची निवळी मोठ्यांनीच ओतावी, डोळ्यांत गेली तर इजा होते.

प्रश्न : बाटलीच्या पर्जन्यमापकाचा आकडा तालुक्याच्या आकड्याशी जुळत नाही. जोराच्या पावसात बाटली भरून वाहते ती वेगळीच.
— पालक, लांजा

बाटलीचं बूड खाचाखोचांचं असतं, त्यामुळे बाहेर पट्टी लावून मोजलेली उंची चुकते. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनवर १० सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं घट्ट बसवा आणि पाणी मापाने मोजा. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणून दर ७८.५ मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. हवामान खातं २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा अधिक पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतं. तेवढ्या पावसातही कॅनमध्ये १.६ लिटरच्या आसपास पाणी जमेल.

नोंद खात्याप्रमाणे सकाळी साडेआठलाच घ्या. कॅन पागोळ्यांपासून दूर ठेवा. माड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतर हवं. एवढं सगळं करूनही आकडा थोडा वेगळा येईल, कारण एकाच तालुक्यात सगळीकडे सारखा पाऊस पडत नाही.

प्रश्न : भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट काढतात. मुलांना ती पडताळता येईल का?
— शिक्षक, गुहागर

जरूर. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे भरती साडेसातच्या सुमाराला. हा ढोबळ हिशेब आहे. बंदराबंदरात फरक पडतो आणि तोच मुलांनी काढायचा. जेट्टीच्या खांबाला सेंटिमीटरच्या खुणा केलेला पीव्हीसी पाइप मोठ्यांनी उभा बांधावा. त्याला तळाशी बारीक भोकं पाडा, म्हणजे आत लाटांचा हेलकावा येत नाही. पाइपात सुतळीने थर्माकोलचा तुकडा सोडून तो कुठवर तरंगतो ते वरून मोजता येतं. भरतीच्या माथ्याला पाणी बराच वेळ थबकल्यासारखं असतं, त्यामुळे नेमका क्षण डोळ्यांना कळत नाही. चढताना पाणी एका खुणेवर आलं ती वेळ आणि उतरताना त्याच खुणेवर आलं ती वेळ लिहा. दोन्हींच्या मधली वेळ म्हणजे भरती. सलग पंधरा दिवस नोंदी घेतल्या तर भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकताना दिसेल.