आईचे दात पुण्यात की कॅनडात?

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: आई 68 वर्षांची, खालचे सगळे दात गेलेले, कवळी हलते. पुढच्या उन्हाळ्यात तिला सुपर व्हिसावर (आईवडिलांना कॅनडात लांब मुक्काम करू देणारा व्हिसा) टोरांटोला आणायचंय, तर इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून बसवलेले दात, पुण्यात करावेत की इकडे? पुण्यात करा, आणि डेंटिस्टला याच आठवड्यात फोन करा. खरं तर उत्तर इथेच संपतं, पण तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाहीये.

व्हिसाच्या अटी, विम्याचे 100,000 डॉलर वगैरे सरकारी पानांवर आहे, ते सोडते. तो विमा अचानक आलेल्या आजारपणासाठी असतो. दातांचं म्हणाल तर फार तर ठणका थांबवण्यापुरता. तुमच्या नोकरीतला डेंटल विमा सहसा नवरा-बायको आणि मुलांपुरता. 2024 पासून केंद्र सरकारची कॅनेडियन डेंटल केअर प्लॅन सुरू झालीय. कुणीतरी सांगेलच, "आता सगळं फुकट आहे." त्यात कवळी मिळते, इम्प्लांट नाही. शिवाय ती इथे टॅक्स रिटर्न भरणाऱ्यांसाठी. म्हणजे सगळा खर्च तुमच्या खिशातून, आणि कॅपसकट एका इम्प्लांटला चार-पाच हजार डॉलर सहज जातात.

आईला खाली पूर्ण बत्तिशी रोवायची गरज नाही. जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट आणि त्यांवर अडकणारी, रात्री काढून धुता येणारी कवळी, याबद्दल विचारा. खालचा जबडा पूर्ण मोकळा असेल तर हाच पहिला पर्याय असावा, असं 2002 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी म्हटलं होतं. नुसतं वय आड येत नाही. दात जाऊन वर्षं झाली की जबड्याचं हाड झिजतं, अडचण ती असते. टायटॅनियमचा स्क्रू हाडात मुरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, आणि हाड भरावं लागलं तर त्यात आणखी काही महिने. पुढचा उन्हाळा लांब नाही.

साखर आटोक्यात हवी. आई हाडं ठिसूळ झाल्याची आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेत असेल तर ते डेंटिस्टला पहिल्याच भेटीत सांगा, त्या औषधांनी क्वचित जबड्याची जखम भरत नाही. रक्त पातळ करायच्या गोळीचंही सांगा. मात्र मनाने काही बंद करू नका.

आणि कागद! इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते मागून फाइलला लावा. प्रत्येक कंपनीचे भाग वेगळे. इकडे काही सैल झालं आणि कंपनीच माहीत नसेल तर डॉक्टर हात लावायला कचरतात.

कागदांवरून आठवलं. माझी आई इथे असताना तिचा जबडा सुजला. विमा कंपनीने, नाव घेत नाही, आधीचं दुखणं नव्हतं हे सिद्ध करायला जुने रेकॉर्ड मागितले. शेजारची दाढ कधी काढली, तारीख लिहा. आई म्हणाली, "गणपतीच्या आधी." कुठल्या वर्षीच्या गणपतीच्या? सांगलीचे ते डॉक्टर वारले होते, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं होतं. हे मी इंग्रजी पत्रात लिहून पाठवलं. क्लेम नाकारला. रक्कम मोठी नव्हती, तरी ते पत्र मी अजून फाडलेलं नाही.

आईला एकटं वाटेल का, हेही विचारलंयत. वाटेल. जानेवारीत जास्त. बसचा पास काढून द्या.

माझी आई मात्र एकटेपणामुळे नाही, कवळीमुळे घरात बसली. मंडळाच्या दिवाळीला फराळ समोर आला की तिचा उपास असायचा. घरी चकली चहात बुडवून, आमच्याकडे पाठ करून खायची. मला तिचा राग यायचा. एवढं सगळं तिच्यासाठी केलं आणि ही चारचौघांत बसत नाही म्हणून. तो राग अजून पुरता गेलेला नाही. पुढे ती परत गेली, सांगलीतच इम्प्लांट करून घेतले, आता भाकरी खाते, शेंगदाणेसुद्धा. ये म्हटलं की म्हणते, बघू. दात असते तर ती इथे राहिली असती का, हे मी तिला विचारलेलं नाही. तिचं उत्तर मला ऐकायचंय की नाही, तेच कळत नाही.

म्हणून एक करा. तपासणीला आईबरोबर जा, पण थोडा वेळ तिला डॉक्टरांशी एकटीला बोलू द्या. कवळी कुठे टोचते, काय खाता येत नाही, आणि हे सगळं तिला करायचंय का. माझ्यासमोर माझी आई "छान बसलीय" एवढंच म्हणायची.