वाचकांचे प्रश्न : उजनीचे रोहित आणि काचेआडचे रोहित

प्रश्न : आमच्या घरी 11 वर्षांची मुलगी, 6 वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या सासूबाई आहेत. मागील वर्षी सर्वांनी मिळून एक मोठे संग्रहालय पाहिले. एकही दालन चुकू नये म्हणून आम्ही इतकी घाई केली की, दोन तासांत सासूबाई थकल्या, मुलगी कंटाळली आणि धाकटा भुसा भरलेला वाघ पाहून रडू लागला. "त्याला कोणी मारले?" या त्याच्या प्रश्नाला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. यंदा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील निसर्ग विभाग दाखवायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : सर्वप्रथम, सगळे पाहण्याचा संकल्प सोडून द्यावा. या संग्रहालयात शिल्पे, चित्रे, नाणी, शस्त्रे असे पुष्कळ काही आहे आणि त्यातील प्रत्येक दालन एका स्वतंत्र दिवसाच्या योग्यतेचे आहे. आपण निसर्ग विभागासाठी जात असाल, तर त्या दिवशी तेवढेच पाहावे आणि त्यातही तीन-चार देखाव्यांपुढे निवांत थांबावे. मुलांच्या मनात जे राहते ते थांबून पाहिलेले राहते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

कोणते देखावे निवडावेत, याचे उत्तर मी सोलापूरकर म्हणून देतो. या विभागात रोहित पक्ष्यांचा, म्हणजे ज्यांना आपण अग्निपंख किंवा फ्लेमिंगो म्हणतो त्यांचा देखावा आहे. हेच पक्षी हिवाळ्यात आपल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर उतरतात. त्यामुळे मुंबईचे तिकीट काढण्यापूर्वी जानेवारी-फेब्रुवारीतील एखाद्या रविवारी पहाटे मुलांना भिगवणच्या बाजूला न्यावे, नावेतून किंवा काठावरून जिवंत रोहित दाखवावेत आणि त्यानंतर महिन्याभरात संग्रहालयात जावे. उजनीवर पक्षी लांब असतात; त्यांची चोच कशी वळलेली आहे, हे तेथे नीट दिसत नाही. काचेपुढे ते हातभर अंतरावरून पाहता येते. रोहित डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतो आणि चोचीच्या कडांवरील बारीक जाळीतून पाणी गाळून शेवाळ व सूक्ष्म जीव खातो, हे एकदा सांगितले की त्या वाकड्या चोचीचा अर्थ मुलांना आपोआप लागतो. त्याचा गुलाबी रंगही याच अन्नातील रंगद्रव्यांमुळे येतो. मुलीला एवढेच विचारावे की, उजनीवर पाहिलेला रंग आणि येथील रंग सारखा आहे का. जुन्या पिसांचा रंग प्रकाशाने उडतो, म्हणूनच अशा दालनांत उजेड मंद ठेवतात आणि फ्लॅश वापरू देत नाहीत. हे कारण कळले की नियम पाळायला मुलांना सांगावे लागत नाही.

दुसरा देखावा धनेशाचा निवडावा. मोठ्या धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, ढोलीचे तोंड एका चिरेएवढेच उघडे ठेवले जाते आणि नर कित्येक आठवडे त्या चिरेतून तिला व पिल्लाला फळे भरवतो. ही हकिगत सासूबाईंनी नातवंडांना बाकावर बसून सांगावी, म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना विसावा मिळेल आणि त्या सहलीत मागे राहणार नाहीत. गव्याचा देखावाही चुकवू नये, कारण त्याचा आकार चित्रात कधीच कळत नाही.

आता धाकट्याच्या प्रश्नाविषयी. त्याला खरे उत्तर द्यावे, टाळू नये. जुन्या संग्रहालयांतील पुष्कळसे प्राणी शिकार केलेले आहेत. त्या काळी अभ्यासासाठी प्राणी मारून जमवणे रीतसर मानले जाई. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे थांबले आणि आता प्राणिसंग्रहालयात किंवा जंगलात आपोआप मेलेल्या प्राण्यांचीच कातडी, तीही परवानगीने, जतन केली जाते. मुलाला हेही सांगावे की, वाघाची कातडी तेवढी खरी असते; आत तारा, लाकडाचा भुसा किंवा प्लॅस्टरचा साचा असतो आणि डोळे काचेचे असतात. माझ्या पुतण्याची भीती या एका वाक्याने गेली, कारण त्यानंतर तो डोळेच निरखत राहिला. मात्र कोणत्याही उघड्या नमुन्याला हात लावू देऊ नये. पूर्वी कातडी टिकवण्यासाठी सोमलयुक्त साबण चोळीत असत आणि सोमल हे विष आहे.

मुलगी मोठी आहे, तिला या विभागाचा इतिहासही सांगता येईल. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 मध्ये आठ जणांनी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. या संस्थेच्या साहाय्याने संग्रहालयाचा निसर्ग विभाग उभा राहिला आणि 1926 मध्ये तेथे लोकांना माहिती सांगण्यासाठी ज्यांची नेमणूक झाली, ते तरुण गृहस्थ म्हणजे पुढे पक्षितज्ज्ञ म्हणून जगभर ओळखले गेलेले सालिम अली.

व्यवस्थेबाबत थोडक्यात लिहितो. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघाल्यास सकाळी मुंबईत पोहोचता येते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून संग्रहालय टॅक्सीने जवळ आहे. मुले ताजीतवानी असतात तेव्हा, म्हणजे दालने उघडताच आत जावे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर असेल तर ती आत जाण्यापूर्वीच खाऊन घ्यावी, कारण सांडलेल्या कणांवर कीटक येतात आणि त्यांतील काही कातडी व पिसेही कुरतडतात. चाकाच्या खुर्चीची आणि लिफ्टची चौकशी आदल्या दिवशी फोनवर करून ठेवावी.

प्रश्न : माझा 9 वर्षांचा मुलगा डायनोसॉरसाठी वेडा आहे. सोलापूरच्या जमिनीत त्यांची हाडे सापडतील का, आणि खरी हाडे दाखवायला त्याला कोठे न्यावे? (एक वाचक, विजापूर रस्ता)

उत्तर : सोलापूरच्या काळ्या जमिनीखाली काळा कातळ आहे आणि तो लाव्हारस थिजून झाला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाले त्याच सुमारास, दख्खनमध्ये लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. हाडे टिकतात ती गाळाच्या खडकांत. आपल्याकडे तसे खडक या लाव्हाखाली गाडले गेले आहेत. लाव्हाच्या पूर्व कडेला, विदर्भात, ते उघडे पडतात आणि म्हणून डायनोसॉरचे अवशेष चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे मिळतात. तेथील अश्मीभूत विष्ठेत शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि त्यावरील संशोधन 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. डायनोसॉरच्या काळी गवत होते, याचा तो पुरावा ठरला. नान्नजच्या माळावर माळढोक अभयारण्यात मुलाला नेले, तर पायाखालच्या गवताची गोष्ट तेथून सुरू करता येईल. माळढोक आता तेथे क्वचितच दिसतो, परंतु काळविटांचे कळप हमखास दिसतात.

खऱ्या हाडांसाठी दोन ठिकाणे सुचवतो. गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रैयोली येथे 2019 पासून डायनोसॉर संग्रहालय आहे. 2003 मध्ये नामकरण झालेला राजासॉरस हा मांसाहारी डायनोसॉर याच परिसरातला. दुसरे ठिकाण कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे भूशास्त्र संग्रहालय. तेथे बारापासॉरस टागोराय याचा सांगाडा उभा केला आहे. हा गोदावरीच्या खोऱ्यात, आपल्या सिरोंचा तालुक्यापासून फार दूर नसलेल्या भागात सापडला. 'बारापा' म्हणजे मोठा पाय, आणि रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास हाडे सापडली म्हणून नावात त्यांचा मान राखला आहे. इतक्या लांबचा प्रवास लगेच शक्य नसेल, तर तोपर्यंत केगावच्या सोलापूर विज्ञान केंद्रात एक दुपार घालवावी.

प्रश्न : संग्रहालय पाहून आल्यापासून मुलांनी दगड, बिया आणि पिसे गोळा करून खोली भरली आहे. हे चालू ठेवू द्यावे का? (एक वाचक, होटगी रस्ता)

उत्तर : अवश्य चालू ठेवू द्यावे, फक्त प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावायला शिकवावे. कोठे, कोणत्या तारखेला आणि कोणाला मिळाले, एवढ्या तीन गोष्टी चिठ्ठीवर असाव्यात. संग्रहालयातल्या नमुन्याची किंमतही त्याच्या चिठ्ठीवरच ठरते. ती हरवली की उत्तम पक्षीही अभ्यासाच्या कामाचा राहत नाही. गारगोट्या, बाभळीच्या शेंगा, गळून पडलेले मोरपीस यांना हरकत नाही. घरटी आणि अंडी मात्र होती तेथेच राहू द्यावीत, ती रिकामी वाटली तरीही. पिसे आणल्यावर मुलांनी हात साबणाने धुवावेत आणि ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत, म्हणजे कसर लागणार नाही.