घर माझं, पण तो जाईना

"कुलूप बदलून टाकू का?" नातं संपलंय, फ्लॅट स्वतःच्या नावावर आहे, हप्ताही स्वतःच्याच खात्यातून जातो, पण तो माणूस काही हलत नाही. अशी बाई सल्ल्यासाठी समोर बसली की पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. पुण्यातल्या एकीची हकिकत इथे देत आहे, ओळखीच्या खुणा बदलून.

कुलूप बदलू नका. तो कामावर गेल्यावर सामान जिन्यात ठेवणं, वीज तोडणं, वॉचमनला "आत सोडू नकोस" सांगणं, हेही नको. कायदेशीर मार्गाने न जाता बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम 6 खाली 6 महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हे पाहिलंच जात नाही.

"पण त्याच्या आधारवर माझा पत्ता आहे हो!" ही दुसरी धास्ती. आधार म्हणजे मालकी नव्हे. गोव्यातल्या मारिया मार्गारिडा सिक्वेरा फर्नांडिस खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की फुकट राहू दिलेल्या माणसाला कितीही वर्षं राहिला तरी त्या घरात हक्क मिळत नाही. हे ऐकून तिचे खांदे जरा सैल झाले. तरी चार भेटी झाल्या, त्याला घर सोडण्याची नोटीस काही जाईना.

पाचव्या भेटीत कायदा बाजूला ठेवला.

"त्याला जा म्हणालात?"

"शंभरदा."

"कुठल्या तारखेला?"

ती गप्प.

"आज सकाळी डबे किती भरले?"

"दोन." आधी ती हसली, मग बराच वेळ रडली.

तोंडाने 'जा' आणि हाताने डबा, असं असलं की समोरचा डब्यावर विश्वास ठेवतो. कोर्टातही तेच होतं: "दिवाळीपर्यंत राहा" हा व्हॉट्सॲप मेसेज त्याचा वकील परवानगी म्हणून पुढे करतो. सवय आधी मोडावी लागते, कागद त्यानंतर नीट चालतो, असं माझं ठाम मत. काही वकील मित्र यावर हसतात, हसोत.

त्या आठवड्यात डबा बंद झाला आणि नोटीस गेली. राहण्याची परवानगी रद्द, 30 दिवसांत घर सोडा, शेवटची तारीख अमुक. वकिलामार्फत, पोचपावतीसह स्पीड पोस्टने, शिवाय व्हॉट्सॲपवर प्रत. सोबत फाइल तयार: इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर्जाचं स्टेटमेंट. नोटिशीनंतर त्याच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. 'भाडं' किंवा 'हप्ता' असं लिहून आलेला यूपीआय पुढे डोकेदुखी होतो. आधी त्याने हप्ते भरले असतील तर ते वकिलाला पहिल्याच दिवशी सांगा.

तारीख उलटूनही गेला नाही तर ताब्याचा दावा. मुंबईत तो लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्ट) जातो. वेळ लागतो, खोटं कशाला सांगू? बाईला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

मारहाण, धमक्या किंवा पैशांची अडवणूक असेल तर वाट वेगळी. नातं लग्नासारखं असेल, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो. दंडाधिकारी कलम 19 नुसार त्याला घराबाहेर जायला सांगू शकतात, गरज पडल्यास अंतरिम आदेशही देतात. हात उचलला त्याच क्षणी 112. (घर पुरुषाचं आणि न जाणारी बाई असेल, तर हा आदेश तिच्याविरुद्ध मिळत नाही.)

इथे तेवढी वेळ आली नाही. सव्विसाव्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला. दोन शेजारी साक्षीला, सामानाचा व्हिडिओ, चाव्या परत, आणि 'ताबा सोडला, माझं काही उरलं नाही' या कागदावर तारखेसह सही. ती झाल्यावरच कुलूपवाला बोलावला. सोसायटीच्या ॲपवरून त्याचं नाव काढलं, वायफायचा पासवर्ड बदलला.

रात्री तिचा फोन. नव्या कुलपाच्या तीन चाव्या मिळाल्या होत्या. एक पर्समध्ये, एक आईकडे.

"तिसरी कुणाला देऊ?"

"ड्रॉवरमध्ये ठेवा."