वाचकांचे प्रश्न : बॅगेतून काय काढायचं?

मे-जूनमध्ये या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सामानाचे प्रश्न जास्त असतात. या अंकासाठी त्यातली पाच पत्रं निवडली आहेत. लांबलेली पत्रं थोडी कापली आहेत.

मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी जातोय. दोघंही पासष्टीच्या पुढचे. तिकिटावर प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा आहेत, तरी सामान मावत नाही. खाऊ, मसाले, मिक्सर, साड्या, यांचे स्वेटर, सहा महिन्यांची औषधं. काय कमी करू?
— एक वाचक, नाशिक

चार बॅगांचे ९२ किलो होतात. तेवढं न्यायची मुभा आहे, सक्ती नाही. पासष्टीनंतर विमानतळाच्या फिरत्या पट्ट्यावरून २३ किलोची बॅग उचलणं म्हणजे कंबरेला निमंत्रण. विमान थेट नसेल आणि अमेरिकेतच दुसरं विमान धरायचं असेल, तर तिथल्या पहिल्या विमानतळावर सगळ्या बॅगा स्वतः उतरवून घ्याव्या लागतात, कस्टममधून पुढे न्याव्या लागतात आणि पुन्हा जमा कराव्या लागतात. त्या गडबडीत चार बॅगा आणि दोन हातपिशव्या दोघांना झेपत नाहीत. आमच्या मते दोघांत मिळून तीन बॅगा न्या, चौथी घरीच ठेवा.

बॅग निवडताना आधी ती रिकामी तोला. टणक कवचाची मोठी बॅग रिकामीच साडेचार-पाच किलोची असते, कापडी हलकी बॅग तीनच्या आसपास. तीन बॅगांत पाच-सहा किलोंचा फरक इथेच पडतो. भरल्यावर प्रत्येक बॅगेचा काटा २२ वर थांबवा, कारण घरचा लटकता काटा आणि विमानतळाचा काटा यांत थोडंफार अंतर असतं. ते अंतर रांगेत, बॅग उघडून, लोकांसमोर भरून काढावं लागू नये.

आता एकेक वस्तू पाहू.

मिक्सर काढून टाका. तो आपल्या २३० व्होल्टसाठी बनलेला असतो, तिथे घरात १२० व्होल्ट असतात. चालू केला तर मोटर रेंगाळते, वाटण भरड राहतं. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण मिक्सरला पुरेल असा घेतला तर तो मिक्सरपेक्षा जड भरतो. तिथल्या व्होल्टेजवर चालणारे भारतीय पद्धतीचे मिक्सर तिथे मिळतात, आणि मुलीच्या स्वयंपाकघरात बहुधा आहेच. मोबाइलचा चार्जर मात्र चालतो. त्यावर बारीक अक्षरांत १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलणारा छोटा सॉकेट पुरतो.

डाळी, तांदूळ, पोहे, साबुदाणा, पापड, रवा काहीही नेऊ नका. न्यू जर्सीत, विशेषतः एडिसन परिसरात, भारतीय किराणा दुकानांची रांग आहे. न्यायचं ते घरच्या हातचं, तिथे त्या चवीचं न मिळणारं: गोडा मसाला अर्धा किलो, मेतकूट पाव किलो, थालीपिठाची भाजणी एक किलो, हवं तर कुळथाचं पीठ. पिठं जाड पिशवीत बंद करून वर मराठीत आणि इंग्रजीत नाव लिहा. चिठ्ठी नसलेली पिवळी-तपकिरी पूड तपासणीत हमखास उघडली जाते. ताजी फळं, कढीपत्ता, बी-बियाणं अजिबात नको. कढीपत्त्यावरून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरू शकतो म्हणून त्याला तिथे बंदी आहे. तूपही नेऊ नका, दुधाच्या पदार्थांवरून वाद होतो आणि तूप तिथे मिळतं. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या विमान कंपन्या अडवतात. त्यातल्या तेलामुळे तो पेट घेऊ शकणारा माल धरला जातो. खाण्याचं काही आहे का, असं विचारलं की ‘हो’ म्हणा. सांगितलेली वस्तू नियमात नसेल तर फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो.

लोणच्याची बरणी हा वेगळा विषय आहे. हातातल्या बॅगेत ती द्रव पदार्थ म्हणून अडते, मोठ्या बॅगेत दाब कमी झाला की झाकणातून तेल पाझरतं आणि साड्यांवर उतरतं. न्यायचंच असेल तर तेल निथळून, पाव किलोच, दोन बंद पिशव्यांत.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मूळ पट्ट्यांसह. डबीत सुट्या गोळ्या भरून जागा वाचवायचा मोह टाळा. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहिलेलं इंग्रजी पत्र घ्या. सोबत नव्वद दिवसांपुरता साठा नेणं हा तिथला ढोबळ नियम, म्हणून उरलेल्या तीन महिन्यांची सोय कशी करायची ते मुलीशी निघण्याआधीच बोलून ठेवा.

साड्या बारा असतील तर चार करा: दोन रोजच्या, एक कार्यक्रमाची, एक अंगावर. बाकी दिवस पंजाबी ड्रेस. साडी सरासरी अर्धा किलो धरली तर परकर-ब्लाउज सोडूनही चार किलो इथे सुटतात. घरी वॉशिंग मशीन आणि ड्रायर असतो, कपडे दुसऱ्या दिवशी घालता येतात. थंडीचा जाड कोट इथून नेऊ नका. आपल्याकडचा जाड लोकरी स्वेटर तिथल्या बोचऱ्या वाऱ्यात पुरत नाही, आणि तिथल्या गरम घरात तो घालवत नाही.

शेजारच्या काकूंच्या मुलासाठी दिलेलं बंद पार्सल घेऊ नका. ‘बॅग तुम्हीच भरली का?’ या प्रश्नाला उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, काकूंना नाही. घ्यायचंच झालं तर त्यांच्यासमोर उघडून बघून घ्या.

दादरहून कुडाळला गणपतीसाठी जातो, चौघं आणि दोन लहान मुलं. एसी थ्री टियरला माणशी ४० किलो चालतं असं वाचलं. मग चिंता कशाची?
— एक वाचक, डोंबिवली

मर्यादा बरोबर आहे. स्लीपरलाही ४०, टू टियरला ५०, साध्या दुसऱ्या वर्गाला ३५. पण अडचण वजनाची नसून नगांची आहे. मधल्या स्टेशनांवर गाडी थोडी मिनिटंच थांबते, आणि त्यात सहा माणसं, सगळं सामान, रात्रीची झोपाळलेली पोरं उतरवायची असतात. दर मोठ्या माणसामागे एक बॅग आणि एक खांद्याची पिशवी, म्हणजे चौघांत आठ नग, आणि दोघांचा एकेक हात मुलांसाठी मोकळा. त्यावर नववा नग घेऊ नका. खालच्या बर्थखालची जागा सहाजणांत वाटायची असते, तिथे उभी टणक बॅग जात नाही, दबणारी कापडी बॅग जाते. सजावटीचं सामान, मखराचे पत्रे, विजेच्या माळा कुडाळ-सावंतवाडीच्या बाजारात मिळतात. परतीच्या नारळ-तांदळासाठी रिकामी घडीची पिशवी मात्र जाताना ठेवा.

हवा काढून घेणाऱ्या पिशव्यांमुळे सामान निम्मं होतं का?
— एक वाचक, कोल्हापूर

आकार निम्मा होतो, वजन तेवढंच राहतं. उलट जागा दिसली की आणखी चार कपडे जातात आणि १५ किलोची बॅग १९ वर पोचते. शिवाय परतताना पंप नसतो. हाताने गुंडाळून हवा काढता येईल अशा पिशव्या रजई किंवा जॅकेटपुरत्या ठीक, सुती कपड्यांत त्यांचा फायदा नगण्य. घडी की गुंडाळी, हाही प्रश्न काहींनी विचारला आहे: टी-शर्ट, पायजमे, पंचे गुंडाळा, इस्त्रीचे शर्ट आणि साड्या सपाट ठेवा.

आई यंदा पहिल्यांदा आळंदी ते पंढरपूर चालणार आहे, दिंडीबरोबर. वय ५८. सामान ट्रकमधून जातं असं कळलं, म्हणून तिने मोठी चाकांची बॅग घेतली आहे. बरोबर आहे का?
— एक वाचक, अहिल्यानगर

चाकांची बॅग परत करा. दिंडीच्या ट्रकमध्ये सामान एकावर एक रचलं जातं, वर गाद्या, वर पातेली. चाकं आणि हँडल पहिल्या दोन मुक्कामांत तुटतात, आणि चिखलात चाकांचा उपयोग शून्य. जाड कापडाची किंवा रेक्झिनची, दोन बंदांची, भरून ८ किलोच्या आत राहील अशी बॅग पुरे. बाहेर आणि आत दोन्हीकडे पक्क्या शाईने नाव, गाव, दिंडी क्रमांक आणि घरचा मोबाइल लिहा. एकाच रंगाच्या शंभर बॅगांत आपली ओळखायला बंदाला ठळक रंगाची चिंधी बांधा.

मुख्य गोष्ट ही की ट्रक वेगळ्या वाटेने पुढे जातो आणि बॅग संध्याकाळी मुक्कामावरच हाती येते. त्यामुळे खरी काळजीने भरायची ती खांद्यावरची पिशवी, आणि ती पाण्यासकट दोन-अडीच किलोंवर जाऊ देऊ नका. त्यात: अंगभर येईल असा प्लॅस्टिकचा कागद किंवा रेनकोट, अर्ध्या लिटरची बाटली, त्या दिवसाची औषधं, ओआरएसची दोन पाकिटं, शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की, पंचा, ओळखपत्र आणि मोबाइल (एका बंद पिशवीत), थोडे सुटे पैसे. पुण्याहून सासवडचा टप्पा लांबचा आणि त्यात दिवे घाट. तिथे पिशवीतला प्रत्येक जास्तीचा पाव किलो जाणवतो. पाण्याची मोठी बाटली नको, वाटेत जागोजागी पाणी देणारे उभे असतात.

ट्रकच्या बॅगेत अंगावरची सोडून दोन नऊवारी किंवा दोन सहावारी, पण मिश्र धाग्याच्या. जाड सुती लुगडं अर्ध्या ते पाऊण किलोचं असतं, ओलं झालं की त्याहून कितीतरी जड, आणि पावसाळी हवेत ते दोन दिवस वाळत नाही. मग ओली साडी कोरड्या कपड्यांबरोबर बॅगेत जाते आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यालाच वास येतो. म्हणून ओल्या कपड्यांसाठी वेगळी प्लॅस्टिक पिशवी हवीच. जाड सतरंजी टाळा, तंबूची जमीन ओली असते आणि ती पाणी पिते. फोमची पातळ चटई आणि एक चादर बरी. ताट, वाटी, तांब्या स्वतःचे लागतील का ते दिंडीप्रमुखांना आधीच विचारा.

नवी चप्पल किंवा बूट वारीसाठी म्हणून घेऊ नका. किमान महिनाभर रोज तासभर घालून चालवलेली जोडीच पायात, आणि दुसरी तशीच वापरलेली बॅगेत. फोड येतात ते बहुतेक ओल्या पायाला घासून, म्हणून रात्री पाय कोरडे करून बोटांमध्ये व्हॅसलीन किंवा खोबरेल.

केदारनाथला जातोय, दहा जणांचा गट. गौरीकुंडहून चालत. ट्रॅव्हल्सवाल्यांनी दिलेल्या यादीत ४२ वस्तू आहेत. ऑक्सिजनचा डबाही आहे.
— एक वाचक, सांगली

यादी दोन भागांत फाडा. संपूर्ण यात्रेची मोठी बॅग गुप्तकाशी किंवा सोनप्रयागच्या मुक्कामी ठेवा, खोलीवाले बहुधा ठेवून घेतात, आधी फोनवर ठरवा. वर न्यायची फक्त पाठीवरची, पाण्यासकट पाच किलोंच्या आत. गौरीकुंड सुमारे १९८० मीटरवर आहे, मंदिर ३५८३ मीटरवर. १६ किलोमीटरमध्ये सोळाशे मीटर चढायचे आहेत. पुण्यात पाठीवर किरकोळ वाटणारी आठ किलोंची पिशवी वाटेतल्या रामबाड्याच्या पुढे दम काढते. चार धामची नोंदणी मात्र आधी करा, तिचा कागद पिशवीच्या वरच्या कप्प्यात.

ऑक्सिजनचा डबा काढा. दहा लिटरचा डबा मिनिटाला दोन लिटर या हिशेबाने पाच मिनिटं पुरतो. खरा त्रास असेल तर पाच मिनिटांनी काही सुटत नाही, आणि डबा आहे या भरवशावर माणूस थांबायचं सोडून चढत राहतो. डोकेदुखी, उलटी, तोल जाणं दिसलं की खाली उतरणं हा उपाय. वाटेत वैद्यकीय मदत केंद्रं असतात. शिवाय विमानाने जात असाल तर असे दाबाखालचे डबे चालत नाहीत.

एक जाड स्वेटर आणि शाल यांच्याऐवजी तीन पातळ थर: आत घाम सुकवणारा कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट, मधे फ्लीस (लोकरीसारखं मऊ, हलकं कृत्रिम कापड), वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. सुती बनियन नको. चढताना ते घामाने भिजतं आणि वर पोचून थांबलात की अंगावर गार पडतं. हुडहुडी बहुतेक त्यामुळेच भरते. छत्री वाऱ्यात उलटते, त्याऐवजी पिशवीवरूनही येईल असा सैल रेनकोट, म्हणजे पाँचो. एक कोरडा टी-शर्ट आणि एक मोजेजोडी प्लॅस्टिकमध्ये बांधून, वर पोचल्यावरच उघडायची.

चिवडा, लाडू, भाकरवडीचे डबे मोठ्या बॅगेत राहू द्या. वाटेत चहा, मॅगी, पराठे मिळतात. सोबत मूठभर खजूर आणि गूळ-शेंगदाणे. प्रत्येकाने स्वतःचा औषधांचा डबा आणण्याऐवजी दहा जणांत एक सामाईक पिशवी करा, रोजची औषधं फक्त ज्याची त्याच्याकडे. पॉवर बँक दोघांत एक, १०,००० एमएएचची, आणि थंडीत ती खिशात ठेवा, पाठीवरच्या पिशवीत गार पडली की लवकर उतरते.

परत येताना कोणी हेलिकॉप्टरने उतरायचं ठरवलं तर सामानाची मर्यादा साधारण २ किलो असते. उरलेलं मग चालत उतरणाऱ्यांच्या पाठीवर जातं, तेव्हा हे गटात निघण्याआधीच ठरवा.